गुळाची बदनामी

सुषमा मोबाइल घेऊन धावत आली तेव्हा काहिलीतला पाक शेवटच्या उकळीला आला होता. अशा वेळी मुक्ताबाईला हाक मारायची हिंमत त्या घरात कुणाची नव्हती. सुनेनं तरी मारली.

"आत्या, आवं हे बघा, काय टाकलंय आपल्याबद्दल!"

"टाकू दे. गोळी व्हईपत्तुर कुणी बोलू नगा."

पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची आणि घमेल्यावर मारायची. टण् वाजली की काहील उतरवायची. अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तर गूळ काळा आणि कडवट, अर्ध्या मिनिटाची घाई झाली तर ढेप बसतच नाही. नवरा गेल्यावर मुक्ताबाईनं गूळ काढायला भाड्याचा गुळव्या ठेवला होता. तो दोन हंगाम टिकला आणि तिसऱ्याच्या तोंडावर कुणाला न सांगता निघून गेला. ऊस तोडून दारात पडलेला, चुलाण पेटलेलं. दुसरीपर्यंत शिकलेल्या मुक्ताबाईनं पदर खोचला आणि स्वतः काहिलीपाशी उभी राहिली. त्या सालचा पहिला गूळ म्हशींनी खाल्ला. दुसरा माणसांनी. यवत-पाटसच्या पट्ट्यात गुऱ्हाळं पाचपन्नास असतील, पण गुळव्या बाई एकच, असं मुक्ताबाई सगळ्यांना सांगायची. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी सांगायची.

गोळी वाजली. काहील उतरली. पाक निवायला वाफ्यात पसरला. मग तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "हं. दाव आता."

मोबाइलवर एक तिशीतली बाई बोलत होती. सुलक्षणा तिचं नाव, राहणार शिरूरची. कुठं काय खावं, काय खाऊ नये, हे ती लोकांना सांगते आणि लोक ते ऐकतात, असं सुषमा म्हणाली. ती बाई यांच्याच गुऱ्हाळात उभी होती. मागं यांचाच बोर्ड दिसत होता, 'केमिकल नाही, भेसळ नाही'. आणि ती म्हणत होती, "आज दत्तजयंती, म्हटलं प्रसादाला शुद्ध गूळ न्यावा. तर हे बघा काय चाललंय! बोर्ड केवढा मोठा, आणि काहिलीत ओततायत गटाराचं पाणी! वर केमिकल टाकतात ते वेगळंच. मुक्ताबाईचा गूळ म्हणून तुम्ही विष खाताय, विष!" आणि बादलीतलं हिरवट, बुळबुळीत पाणी काहिलीत पडताना दाखवलं होतं.

मुक्ताबाईला आधी हसूच आलं. "आगं, ही तर भेंडी!"

भेंडीच होती. रानभेंडीची ताटं ठेचून पाण्यात भिजवली की बुळबुळीत रस सुटतो. उकळत्या रसात तो ओतला की सगळी मळी फेस होऊन वर येते आणि झाऱ्यानं काढता येते. सासऱ्याच्या काळापासून गूळ असाच साफ होतो. दिसायला ते पाणी घाण दिसतं, हे खरं. पण घाण काढायचं तेच पाणी आहे.

"मंग एवढी साधी गोष्ट हिला कुणी सांगितली कशी न्हाई?"

"आत्या, लाखभर लोकांनी बघितलंय."

संध्याकाळपर्यंत हसू विरलं. शिरूरच्या बचत गटानं संक्रांतीच्या लाडवांसाठी सांगितलेला गूळ नको म्हणून कळवलं. पुण्याच्या एका सोसायटीतल्या बायका चार वर्षं गूळ न्यायच्या, त्यांनी तर कळवलंही नाही, नुसता फोन उचलायचं बंद केलं. संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती. पण मुक्ताबाईला झोंबलं ते दुसरंच. त्या व्हिडिओखाली पाटसच्याच कुणी तरी लिहिलं होतं, 'मला आधीपासून संशय होता.' आधीपासून! वीस वर्षं याच काहिलीचा गूळ चाटून मोठा झालेला असेल मेला.

तिनं सुषमाच्या हातातून मोबाइल घेतला आणि गुऱ्हाळवाल्यांच्या ग्रुपवर आपल्या आवाजात निरोप सोडला. तो निरोप असा होता:

"शिरूरच्या त्या लिपस्टिकवालीला कुणी वळखत आसंल तर सांगा, भेंडी आन् गटार यातला फरक तिच्या आयनं तिला शिकवला न्हाई. शिकवणार कशी, तिच्या आयला तरी चूल कुठं म्हाईत! आसल्या बायांच्या घरची मांजरं बी दुसरीकडं जेवायला जात्यात!"

दोन तासांत तो निरोप शिरूरला पोचला.

दुसऱ्या दिवशी मुलगा नवनाथ, सून आणि मुक्ताबाई असे तिघं दौंडला गेले. कोर्टाच्या मागल्या गल्लीत राजश्री वकिलीण बसायची. बाप रेल्वेत फिटर होता, पोरगी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये अभ्यास करून वकील झाली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली कायद्याची पुस्तकं, आणि टेबलावर एक कागदही वाकडा नाही. मुक्ताबाईला ते टेबल बघूनच बरं वाटलं.

"वकीलबाई, तिला आत टाका."

"बसा मावशी. आधी एक सांगा, उलट तुम्ही काही टाकलंत का?"

नवनाथ पंख्याकडं बघायला लागला. सुषमानं मोबाइल पुढं केला. राजश्रीनं तो निरोप शेवटपर्यंत ऐकला. मांजरांपाशी तिचा ओठ जरा हलला, पण ती हसली नाही.

"छान. म्हणजे आता तिचीही केस झाली."

"माझ्यावर? मी काय खोटं बोलले?"

"तिच्या आईला तुम्ही कधी पाहिलंत?"

मुक्ताबाईनं टेबलावरचा मोबाइल उचलून सुनेच्या हातात कोंबला.

"हे पुसू नका," राजश्री म्हणाली, "पुसलं तर लपवलं म्हणतील. पण आजपासून एक अक्षर टाकायचं नाही. आता ऐका. पोलिसात जाऊन कुणी तिला उचलणार नाही. बदनामीचं कलम आहे, तीनशे छप्पन्न, पण त्याची फिर्याद आपणच कोर्टात घालायची असते. दुसरं, दिवाणी दावा करता येतो, नुकसान भरून द्या आणि व्हिडिओ काढा म्हणून. तो वर्षाच्या आत करावा लागतो. कंपनीकडं तक्रारही टाकू, पण कोर्टाचा हुकूम असल्याशिवाय ते सहसा हलत नाहीत. या सगळ्याच्या आधी एक नोटीस. निम्मी भांडणं नोटिशीतच मिटतात."

"आन् निम्मी?"

"निम्मी माझं घर चालवतात."

मुक्ताबाई पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघून हसली. पोरगी कामाची होती.

"आता महत्त्वाचं," राजश्री म्हणाली. "गूळ आवडला नाही, गुऱ्हाळ कळकट आहे, असं ती म्हणाली असती तर आपल्याला काही करता आलं नसतं. ते तिचं मत. पण गटाराचं पाणी, केमिकल, विष, या तीन गोष्टी घडल्या म्हणून ती सांगते. त्या खोट्या असतील तर बदनामी. खऱ्या असतील तर नाही. या तिन्हींतली एक जरी खरी असेल, तर मला आत्ता सांगा. कोर्टात कळायला नको."

"खरी?" मुक्ताबाई उसळली. "माझ्या काहिलीत आजपत्तुर भेंडी आन् चुन्याच्या निवळीबिगर काय गेलं आसंल तर ही जीभ झडंल!"

"बरं. व्हिडिओ कोणत्या दिवशीचा?"

"ती सोताच सांगती की. दत्तजयंतीचा."

बोलता बोलताच मुक्ताबाई थांबली. दत्तजयंतीला ती गुऱ्हाळात नव्हतीच. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस इथंच, दौंडच्या दवाखान्यात, एका डोळ्यावर पट्टी लावून पडली होती. राजश्रीला ते कळल्यावर ती खूश झाली. "मग तर उत्तमच! तुम्ही विष चारता म्हणते आणि तुम्ही जागेवरच नव्हता."

"परत लाव बरं तो," मुक्ताबाई सुनेला म्हणाली.

राग उतरल्यावर आणि ऑपरेशन झालेला डोळा पुरता उघडून तिनं तो व्हिडिओ पहिल्यांदाच नीट बघितला. बादली. भेंडीचा रस. ओतणारे हात नवनाथचे. आणि हातांच्या मागं, चुलाणाच्या कट्ट्यावर, निळ्या झाकणाची एक पांढरी बरणी. तिच्या गुऱ्हाळातला खिळा न् खिळा तिला पाठ होता. असली बरणी तिच्या गुऱ्हाळात नव्हती. दुसऱ्यांच्या गुऱ्हाळात तिनं ती पाहिली होती. पांढरी पावडर, चिमूटभर टाकली की गूळ हळदीसारखा पिवळा होतो.

तिनं मुलाकडं बघितलं. नवनाथ आपल्या चपलांकडं बघत होता.

"वकीलबाई," मुक्ताबाई उठत म्हणाली, "आज कागद करू नगा. उद्या येते."

गुऱ्हाळात काही लपवायला जागा एकच. मुक्ताबाई आल्या आल्या चिपाडांच्या ढिगाकडं सरळ चालत गेली, मागं हात घातला आणि बरणी काढून नवनाथपुढं ठेवली.

"किती काहिली?"

"एकच, आई. आईशप्पत एकच."

"कुणाच्या सांगण्यावरनं? व्यापाऱ्याच्या?"

"न्हाई."

"मंग?"

नवनाथ चाळिशीला टेकलेला माणूस, पण त्याचा आवाज चिरकला. "तुझ्यासारखा रंग येईना म्हणून. पैल्या काहिलीची गोळी चुकली, गूळ काळा पडला. लोक दारात उभं, बोर्डावर तुझं नाव. म्हटलं, आईचा गूळ काळा निघाला असं नगं व्हायला."

"माझ्यासारखा रंग पावडरीतनं काढलास व्हय रं? भेंडी तरी ऱ्हाऊ द्यायची मंग, सगळी बरणीच वतायची!"

"शिकवलंस का तू मला?" तो एकदम बोलला. "वीस सालं झाली, काहिलीपाशी उभं राहू दिलंस? 'सरक, तुला जमणार न्हाई.' चिपाडं टाक, ढेपा मोज, एवढंच काम माझं!"

सुषमा दारात थिजली. या घरात या बाईला असं कुणी बोललं नव्हतं. मुक्ताबाईनं बरणी उचलली, झाकण घट्ट केलं आणि म्हणाली, "जेवून घे." त्या घरात याचा अर्थ एवढाच होता, की बोललेलं ऐकलं आहे.

सकाळी ती एकटीच दौंडला गेली आणि बरणी राजश्रीच्या टेबलावर, त्या सरळ कागदांच्या मधोमध ठेवली.

राजश्रीनं सगळं ऐकून घेतलं. "मावशी, हे कळल्यावर 'केमिकल कधीच टाकलं नाही' असं मी नोटिशीत लिहू शकत नाही. पण लिहायची गरजही नाही. गटार आणि विष, या दोनच गोष्टींवर नोटीस देऊ. केमिकलचा शब्दही काढायचा नाही."

"आन् तिनं काढला तर?"

"खरं आहे हे तिला दाखवावं लागेल. तो गूळ केव्हाच लोकांच्या पोटात गेला. तिच्याकडं काही नाही."

"म्हंजी मी गप बसायचं."

"कायद्यानं बसता येतं."

"कायद्यानं येत आसंल, बाई. मला येत न्हाई."

राजश्रीनं पेन खाली ठेवलं. "मग काय करायचं म्हणता?"

"जिथं तिनं बोर्ड दाखवला तिथं उभं राहून सांगायचं. एका काहिलीत गेली म्हणून."

"नीट विचार करा. तुमच्याच तोंडचा कबुलीजबाब होईल. ती तोच घेऊन कोर्टात येईल. अन्न खात्याचे लोक दारात येतील. आपली केस निम्मी राहील."

"यिऊ द्या. च्या पाजीन. पोरी, माझ्या नावाला बट्टा लागला म्हणून मी तुझ्या पायरीला आले. माझं नाव माझं मलाच छाती ठोकून सांगता येईना, तर तुझी नोटीस घिऊन काय करू? लोणचं घालू?"

राजश्रीनं कोरा कागद ओढला. "ठीक आहे. पण मी लिहीन तेवढंच बोलायचं. शिव्या नाहीत. मांजरं नाहीत."

"मांजरं ऱ्हायली आसती तर बरं झालं आसतं," मुक्ताबाई म्हणाली. पण कागद तिनं घडी करून कमरेला लावला.

दुसऱ्या दिवशी काहील उकळत असताना सुषमानं मोबाइल धरला. मुक्ताबाई नऊवारीचा काष्टा आवळून बोर्डाखाली उभी राहिली. शेजारी भेंडीच्या रसाची बादली.

"मी मुक्ताबाई. हे गटाराचं पाणी म्हणून तुम्हाला दावलं." तिनं तांब्या बुडवला आणि घटाघट अर्धा तांब्या प्यायली. हे कागदात नव्हतं. "ही भेंडी. आता बघा, वतते." तिनं ओतलं, मळी वर आली, झाऱ्यानं बाजूला केली, खालचा रस सोन्यासारखा दिसायला लागला. "वीस सालं मी हेच करती. कुणीबी या, बघा. आता दुसरं. दत्तजयंतीच्या दिवशी माझ्या गुऱ्हाळात एका काहिलीत रंगाची पावडर टाकली गेली. मी दवाखान्यात व्हते, पर गुऱ्हाळ माझं आन् नावबी माझंच. त्या दिवशीचा गूळ ज्यांच्या घरात आसंल त्यांनी आणून द्यावा, बदल्यात नवा न्यावा."

एवढ्यात कडेला उभा असलेला नवनाथ मोबाइलपुढं आला. "पावडर म्या टाकली," तो म्हणाला. "आईनं न्हाई."

"मधी येऊ नगं," मुक्ताबाई खेकसली. पण तो हलला नाही, आणि तिनंही त्याला ढकललं नाही. मोबाइलकडं वळून ती पुढचं बोलली.

"सुलक्षणाबाई, तुमच्या आयबद्दल मी बोलले ते मागं घेते. मी त्या माउलीला बघितलेलं न्हाई. गटाराचं जे बोलला ते तुम्ही मागं घ्या. जिथं बोलला तिथंच घ्या."

त्याच दिवशी नोटीस गेली, सात दिवसांची मुदत घालून.

गूळ परत द्यायला अकरा जण आले. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं निम्मी ढेप खाऊन निम्मी आणली होती, त्यालाही तिनं पुरी ढेप दिली. काही जण नुसते शिव्या द्यायला आले, त्यांचंही ऐकून घेतलं, आणि हे काम तिला काहिलीच्या आगीपेक्षा जड गेलं. अन्न खात्याचे दोघं आले, नमुने घेऊन गेले, चहा मात्र प्यायले नाहीत. बचत गटाची अध्यक्ष शिरूरहून येऊन दिवसभर काहिलीपाशी बसून राहिली, आणि जाताना म्हणाली, "लाडवाचा गूळ तयार ठेवा." पुण्याच्या बायकांचा फोन काही आला नाही.

सहाव्या दिवशी सुलक्षणा स्वतः दौंडला राजश्रीकडं आली. मुक्ताबाई आधीच खुर्चीत बसली होती. व्हिडिओत ती बाई केवढी वाटत होती, आणि समोर बघितलं तर बारीक चणीची, घाबरलेली.

"मी व्हिडिओ काढून टाकते," ती राजश्रीला म्हणाली. "विषय संपला ना?"

"मला इचार," मुक्ताबाई म्हणाली. "गुळवी मी हाय."

"काकू, पण केमिकल टाकलंच होतं ना? तुम्हीच कबूल केलंत. मग मी खोटी कशी?"

"पावडरीपुरती तू खरी. ते मी चारचौघांत बोलले. गटारापुरती तू खोटी. ते तू बोल. गुपचूप काढून टाकलास तर ज्या लाख लोकांनी बघितलं, ते गटार डोक्यात घिऊनच मरायचे."

"मला खरंच तसं वाटलं. ते पाणी दिसतंच तसं."

"आगं, मग इचारलंस का कुणाला? चार पावलांवर माणसं उभी व्हती. 'दादा, हे काय वतताय?' एवढं म्हणायला किती वेळ लागतो?"

सुलक्षणा पर्समधून मोबाइल काढून लिहायला लागली. लिहून झाल्यावर राजश्रीनं वाचून दाखवलं. 'गुऱ्हाळातील पाण्याबाबत माझा गैरसमज झाला होता, कुणाचं मन दुखावलं असल्यास—'

"थांब," मुक्ताबाई म्हणाली. "माझ्या लेकानं पावडर गैरसमजानं टाकली आसं मी म्हणाले का? टाकली, एवढंच म्हणाले. तू बी तेवढंच म्हण."

पोरीच्या डोळ्यात पाणी आलं. मुक्ताबाईनं ते बघितलं, पण शब्द कमी केला नाही. पाण्याचा तांब्या तेवढा तिच्याकडं सरकवला. शेवटी सुलक्षणानं लिहिलं, 'ते भेंडीचं पाणी होतं. मी कुणाला न विचारता गटाराचं पाणी म्हणाले. ते खोटं होतं. गूळ विष आहे म्हणाले तेही खोटं होतं.' हेच ती स्वतःच्या तोंडानं बोलणार, आणि महिनाभर सगळ्यात वर ठेवणार, असं राजश्रीनं कागदावर घेतलं. दोघींनी सह्या केल्या. मुक्ताबाईला सही करायला वेळ लागला. प्रत्येक अक्षर तिनं वेगळं काढलं आणि खाली रेघ ओढली.

"आणि दावा?" राजश्रीनं विचारलं.

"कशाला? माझं म्हणणं होतं ते कागदावर आलं." ती उठली. "आज काहील नवनाथनं धरलीय. मी सोपवलेली पैलीच हाय. गोळी कवा मारायची ते सांगून आले, पर नुसतं सांगून हाताला थोडंच येतं."

"काळा पडला तर?"

"काळा म्हणून इकंल. रंग लावून न्हाई."

दौंडहून सुटलेली एसटी खच्चून भरली होती. मुक्ताबाई दांड्याला धरून उभी राहिली. खिडकीपाशी ऐसपैस बसलेला एक फेटेवाला गडी तिच्याकडं बघत होता. मग त्यानं शेजारच्याला कोपर मारलं आणि मोठ्यानं म्हणाला, "आवं, तुम्हीच का त्या मोबाइलातल्या? पावडरवाल्या?"

अर्धी गाडी वळून बघायला लागली.

"व्हय, म्याच," मुक्ताबाई त्याच्याहून मोठ्यानं म्हणाली. "आन् सांगितलं बी म्याच. आता सरक जरा, बसायला जागा दे."